गुलाबी कागदावरचं सोनं

जळगावच्या ज्या सराफी पेढीतून माझी यंत्रणा काढून टाकली, तिच्यासमोरून मी आजही जात नाही. मागच्या गल्लीतून मोटारसायकल काढतो. बायको म्हणते, "पेट्रोल काय फुकट मिळतं का?" एरवी मी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी भांडणारा माणूस, पण या एका बाबतीत मला पेट्रोलची पर्वा नाही.

ती यंत्रणा मी शून्यातून उभी केली होती. सराफाच्या दुकानात आता गिऱ्हाईक आधी मोबाइल पुढे करतं. नणंदेच्या कानातले काप, कुणाच्या लग्नाच्या फोटोतली पोत दाखवतं आणि म्हणतं, "असंच पाहिजे." विक्रेता मग ट्रेवर ट्रे काढत बसतो. माझ्या यंत्रणेत तोच फोटो टाकला की दुकानातल्या हजारो दागिन्यांमधून तसे दिसणारे चटकन पडद्यावर येतात, आणि कोणता दागिना कोणत्या कपाटात आहे तेही. जळगावात हे असं काही असतं, हे सांगितलेलं लोकांना खरं वाटत नव्हतं, तेव्हा मी ते चालवून दाखवलं होतं. पदवी माझ्याकडे नाही. जळगावच्याच मेहरूण भागात भाड्याच्या खोलीत बंद पडलेले मॉनिटर दुरुस्त करत सुरुवात केली, पुढचं सगळं गरज पडेल तसं शिकलो.

आणि त्या पेढीच्या मालकांनी एका लग्नाच्या पंगतीत, मी समोरच्या रांगेत जेवत असताना, शेजाऱ्याला सांगितलं, "ते काम आता पुण्याच्या कंपनीला दिलं. कसं आहे, शिकलेली माणसं ती." मला कळवायच्या आधी त्यांनी पंगतीला कळवलं. मी हातातला घास ताटात ठेवला आणि उठलो.

त्यानंतर माझ्याकडे मोठं म्हणावं असं एकच गिऱ्हाईक उरलं, ते धुळ्याचं. त्या दुकानाच्या मालकांना सगळं गाव आबा म्हणतं. वय झालंय, पण गादीवरून उठत नाहीत. दुकानाचा रोजचा कारभार त्यांची सून बघते. आबांशी सौदा करणं म्हणजे माझ्यासारख्यालाही घाम फुटतो, कारण ते बोलतच नाहीत. तुम्ही बोलता, ते ऐकतात. शेवटी तुम्हीच आपला भाव खाली आणता. पण मीही काही कच्चा नव्हतो. तासभर दोघं गप्प बसलो. मग आबाच म्हणाले, "अखाजीपर्यंत चालवी दाखाड. चालनं तर ठेवसू. नही चालनं तर तुनं मशीन तूच उचली लयी जाय."

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खानदेशात तो लेकींचा सण आहे. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि मुहूर्तावर सोनं घेतलं जातं. पसंती मात्र आदल्या दिवसापर्यंत होऊन जाते. बहिणी-बहिणी, नणंदा-भावजया मिळून दुकानात येतात आणि प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये दुसरीच्या दागिन्याचा फोटो असतो. माझ्या यंत्रणेची परीक्षा घ्यायला याहून अवघड दिवस शोधून सापडला नसता. आणि ती नापास झाली असती तर पंगतीतलं ते वाक्य खरं ठरलं असतं. मला भीती पैशाची नव्हती. त्या वाक्याची होती.

अडचण लगेच समोर आली. अखाजीच्या आधी कारागिरांकडून रोज नवा माल येतो. प्रत्येक नव्या दागिन्याचा फोटो काढायचा, त्या फोटोची आकड्यांची एक लांब ओळ करायची, आणि मग कुठली ओळ कुठल्या ओळीच्या जवळची आहे हे ठरवून त्या एकमेकींना जोडायच्या. याला आम्ही अनुक्रमणिका म्हणतो. पुस्तकाच्या सुरुवातीला असते तशीच, फक्त ही प्रकरणांची नाही, दिसण्याची. ती नीट बांधलेली असेल तर शोध क्षणात लागतो. पण बांधायलाच वेळ लागतो. दुकान बंद होताना मी काम लावून यायचो, आणि सकाळी शटर वर गेलं तरी ते चालूच असायचं. तोवर नवा माल कपाटात आलेला, पण यंत्रणेला त्याचा पत्ता नाही. विक्रेते पडद्याकडे बघून म्हणायचे, "साहेब अजून उठले नाहीत वाटतं."

मी माझ्या ऑफिसात येऊन आरडाओरडा केला. माझ्याकडे एक इंजिनीअर मुलगी काम करते, रोज असोद्याहून बसने येते. घरची केळीची शेती आहे आणि बापाशी भांडून शिकलेली आहे, त्यामुळे माझ्या ओरडण्याचं तिला काही वाटत नाही.

"भाऊ, तुम्ही ओरडून राह्यले म्हणून ते लवकर होणार नाही," ती म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड लागेल."

"ते पोरं गेम खेळतात ते?"

"तेच."

मग तिने मला समजावलं, आणि मला पटलं ते माझ्या आईमुळे. पेरणीच्या आधी आमच्या घरी बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम असायचं. एखादा तगडा गडी कितीही हुशार असला तरी पोतं काही संपवू शकायचा नाही. आई गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलवायची. प्रत्येकीसमोर एक ढीग. काम साधंच, पण सगळ्यांचे हात एकाच वेळी चालायचे, आणि गप्पा संपायच्या आत पोतं रिकामं. संगणकाचा नेहमीचा प्रोसेसर म्हणजे तो हुशार गडी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे गल्लीतल्या बाया. हजारो बारीक हात, प्रत्येक हात एकच साधी गोष्ट करतो. ओळ ओळीच्या किती जवळ आहे, हे मोजणं म्हणजे शेंग फोडण्यासारखंच काम.

"मग भाड्याने घेऊ या इंटरनेटवर," मी म्हणालो. भाड्याने मिळतं, हे मला ठाऊक होतं.

पण आबांना विचारलं तर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. दागिन्यांचे फोटो दुकानाबाहेर जाणार नाहीत. ज्या घरातली सून गळ्यात काय घालणार आहे हे मुहूर्ताच्या आधी बाहेर कळतं, ते घर पुन्हा दुकानात येत नाही, असं त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितलं. मला हे पटलं. म्हणजे कार्ड विकत घेणं आलं, आणि नवं परवडणारं नव्हतं.

अमळनेरला आबांच्या ओळखीतला एकजण लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो. त्याने मोठं कार्ड घेतलं होतं आणि आता त्याहून मोठं घेणार होता. मी भर दुपारी गेलो, मुद्दाम. एप्रिलमधली अमळनेरची दुपार म्हणजे पत्र्याखाली माणूस शिजतो. सकाळच्या गारव्यात कुठलंही जुनं यंत्र चांगलंच चालतं. मी म्हणालो, "आत्ता लाव. पूर्ण जोर दे. आणि कूलर बंद कर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, कार्ड लेवाले उनात का बैल?" कार्ड घ्यायला आलात की बैल, असं.

"बैल असता तर दात बघितले असते. याला दात नाहीत."

त्याने कूलर बंद केला. आम्ही दोघं घामाने निथळत त्या कार्डाच्या पंख्यांचा आवाज ऐकत बसलो. तापलं की ही कार्डं स्वतःच वेग कमी करतात, हे मला ठाऊक होतं. ते कमी होण्याची मी वाट बघत होतो, आणि ते झालंच. मग मी बोलायला सुरुवात केली. तापतं आहे. पंखा घासतो आहे. धूळ बसली आहे. तो म्हणाला, या उन्हात माझंही डोकं चालत नाही, मग माझाही भाव कमी करणार का. पण शेवटी माझ्या भावाला आला, वर दोन जादा पंखे दिले आणि चहाही पाजला. निघताना म्हणाला, "धुळ्याले गयात तर आबासले सांगा, असा गिऱ्हाईक मनाकडे परत धाडू नका."

कार्ड बसवायला दोन दिवस मोडले. कार्डाची स्वतःची मेमरी लहान असते, सगळे दागिने एकदम तिच्यात मावेनात. इंजिनीअर मुलीने त्यांचे वाटे पाडले. एकेक वाटा आत घ्यायचा, जोडायचा, बाहेर ठेवायचा आणि शेवटी सगळे सांधायचे. शेवटी सुनेने शेजारून चहा मागवला, मी काम सुरू केलं, आणि कप रिकामे व्हायच्या आत अनुक्रमणिका तयार. मी पुन्हा चालवून बघितली. पुन्हा तेवढ्यातच. मला वाटलं, जिंकलो. त्या दिवशी मी जळगावला घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, आता पुण्याची कंपनी काय करते बघू.

दुसऱ्या दिवशी आबांची मोठी मुलगी सणासाठी सासरहून आली. ती थेट दुकानात आली आणि मोबाइल काढून म्हणाली, "जावेचे काप आहेत. असे दाखवा." तिच्या जावेने हातात धरून काढलेला साधा फोटो. मी तो टाकला. पडद्यावर पहिली आली जोडवी. मग एक तोडा. मग डोरलं. मग बुगडी. कापाचा पत्ता नाही.

"जावेने काप पायात घातलेत का?" मुलगी म्हणाली, आणि दुकानातले सगळे हसले.

आबा हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भो, आपलं काय ठरेल शे ते ध्यानमा शे ना?"

मी इंजिनीअर मुलीला फोन लावला आणि नको ते बोललो. तिने ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. मग पुढच्या बसने धुळ्याला आली, पण आल्यावर माझ्याशी बोलली नाही, सरळ यंत्रणेसमोर बसली. आम्ही दुकानातलेच फोटो टाकून बघत होतो तेव्हा सगळं बरोबर येत होतं. कापाला काप, पोतीला पोत. धुळ्यातल्या सगळ्या चाचण्या आम्ही दुकानातल्याच फोटोंवर केल्या होत्या. बाहेरचा फोटो टाकला की मात्र गोंधळ.

मी चिडून उठलो, गल्ल्याजवळ ठेवलेल्या गठ्ठ्यातला एक गुलाबी कागद उचलला, दागिने गुंडाळतात तो, आणि नुसत्या कागदाचाच फोटो काढून यंत्रणेत टाकला. का टाकला, मला आजही नीट सांगता येणार नाही. राग आला की माझे हात काहीतरी करत असतात.

पडदा दागिन्यांनी भरून गेला. मोठ्या खात्रीने. अंगठ्या, वेल, एकदाणी, तोडे. कागदावर काहीच नव्हतं आणि यंत्रणा म्हणत होती, हो, हे सगळं याच्यासारखंच आहे.

सुनेने कपाळाला हात लावला. या दुकानात सोनं उघड्यावर ठेवत नाहीत. ते येतं गुलाबी कागदात आणि जातं गुलाबी कागदात. तिने सगळे फोटो त्याच कागदावर काढले होते, काढणारच. कागद फोटोचा बराच भाग व्यापतो, आणि त्याच्या चुण्या दागिन्यापेक्षा ठळक दिसतात. यंत्रणेने एकसारख्या चुण्या असलेले फोटो एकमेकांच्या शेजारी बसवले होते. एका कागदावर एकाच प्रकारचे दागिने ओळीने काढलेले, म्हणून दुकानातल्या फोटोंना उत्तर बरोबर यायचं. जावेचा हात थोडा गुलाबी होता, आणि बोटांच्या मधल्या रेषा चुणीसारख्या.

आबांनी वाकून बघितलं. "म्हणजे हाई मशीन सोनं वळखत नही," ते म्हणाले, "हाई कागद वळखस."

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांची मुलगी इतकी हसली की तिला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

मी म्हणालो, सगळे फोटो पुन्हा काढू, काळ्या कपड्यावर. काळ्यावर सोनं सुंदर उठून दिसतं. हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून गेलो. अखाजीच्या तोंडावर, सराफाच्या गादीवर, सोन्याखाली काळं. सून हळूच म्हणाली, "भाऊ, हे तुम्ही आबांसमोर बोललात, बाहेर नका बोलू." आणि पुन्हा सगळे फोटो काढायला वेळ तरी कुठे होता? सणाला मोजकेच दिवस राहिले होते.

म्हणजे जे करायचं ते आहे त्याच फोटोंवर. इंजिनीअर मुलीने पहिला उपाय केला, गुलाबी रंग पुसून टाकायचा. चालवलं. चहा यायच्या आत अनुक्रमणिका तयार, आणि तपासलं तर गुलाबी खड्यांच्या सगळ्या दागिन्यांना भोकं पडलेली. डाळिंबी खड्यांची फुलं तर गायबच. दुसऱ्यांदा रंग सोडून आकारावर गेलो. कडेने कापलं, तर साखळ्यांच्या बारीक कड्या तुटल्या. तिसऱ्यांदा कडा जरा सैल ठेवल्या. मग तिला सुचलं की कागद नुसता काढू नये, त्याच्या जागी दुसरं काहीतरी टाकावं. एकाच दागिन्याला कुठे हाताचा रंग, कुठे साडीचा, कुठे भिंतीचा. दागिना तोच, खालचं बदलत राहणार. असं केलं की यंत्रणेला कागदावर विसंबून राहता येणार नाही, तिला सोन्याकडेच बघावं लागेल. पण त्यामुळे फोटो कितीतरी पटीने वाढणार होते.

"मागच्या मशीनवर हे करायची माझी हिंमत झाली नसती," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं त्या दिवसातलं ते पहिलं वाक्य.

तेव्हा मला त्या कार्डाची खरी किंमत कळली, आणि मी किंमत जाणणारा माणूस आहे. मी ते वेळ वाचवण्यासाठी घेतलं होतं. पण त्याने मला दिलं ते चुकण्याचं स्वातंत्र्य. एक चूक कळायला दिवस लागत असेल तर माणूस पहिल्याच उत्तराला चिकटून बसतो, ते बरोबर आहे असं स्वतःला पटवत राहतो, आणि दुसऱ्याने चूक दाखवली की भांडतो. चूक चहाच्या कपात कळत असेल तर चुकायला काही वाटत नाही. आम्ही त्या दोन-तीन दिवसांत जितक्या वेळा चुकलो, तितक्या वेळा मी आधीच्या दोन वर्षांत चुकलो नव्हतो. कार्ड तापायचं. जादा पंखे लावले, तरी दुपारी मंदावायचं. मग आबांनीच त्यांच्या पाठीमागचा पंखा वळवून कार्डाकडे केला आणि स्वतः हातपंख्याने वारा घेत बसले.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळपासून दुकान भरलं. मी कोपऱ्यात उभा राहिलो. पाय दुखत होते, पण बसवत नव्हतं. पहिल्या बाईने लग्नाच्या गर्दीतला धुरकट फोटो दाखवला, गळ्यातली पोत अर्धी पदराखाली. पडद्यावर आल्या त्या पोतीच. बाई म्हणाली, "ही नाही, ती तिसरी." दुसऱ्या एकीने एकच बुगडी आणली होती, जोडीदार हरवलेली, आणि यंत्रणेने मागच्या कपाटातला तिचा जोड दाखवला. विक्रेत्याने तो काढून तिच्या तळहातावर ठेवला तेव्हा ती जोड बघत बसली, पडद्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मला त्याचंच बरं वाटलं.

दुपारी आबांची मुलगी पुन्हा आली. तोच फोटो, जावेचे काप. मी स्वतः टाकला. काप आले. पहिल्या रांगेत सगळे कापच.

"जावेपेक्षा हे दुसरे चांगले आहेत," ती म्हणाली. "हेच घेते. तिला कळू द्या."

आबांनी हातपंखा चालूच ठेवला. ते शाबासकी देतील असं मला वाटलंही नव्हतं. थोड्या वेळाने एक नवं कुटुंब आत आलं आणि त्यातली म्हातारी तोंडाने दागिन्याचं वर्णन करू लागली, वेल असा, घुंगरू असे. आबा गादीवरूनच म्हणाले, "अक्का, फोटो शे का? फोटो दाखाडा. आपलं मशीन काढी देस."

आपलं मशीन. मी मागच्या दाराने बाहेर गेलो, मोरीजवळ उभा राहिलो आणि तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत राहिलो. आत येऊन इंजिनीअर मुलीला म्हणालो, "फोनवर बोललो ते..." ती म्हणाली, "ते राहू द्या भाऊ. शेवटची बस सुटेल." मी तिला मित्राकडून मागून आणलेल्या मोटारीने जळगावला आणलं, आणि तिथून असोद्याला सोडलं. वाटेत ती झोपली. मला मात्र उगाच गाणी म्हणावीशी वाटत होती, पण मला गाता येत नाही, म्हणून मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिलो.

परत येताना एका हातगाडीवर डांगरं, म्हणजे खरबुजं, दिसली. अखाजीला पितरांच्या घागरीवर डांगर ठेवायचं असतं आणि बायकोने सकाळीच बजावलं होतं. दोन घेतली, पैसे दिले, निघालो.

घरी बायकोने डांगर हातात घेतलं, वास घेतला. "केवढ्याला दिलं?"

मी सांगितलं.

"आणि सुरुवातीला तो काय म्हणाला होता?"

मला आठवेना. मग लक्षात आलं, त्याने जे सांगितलं तेच मी दिलं होतं. बायकोने दुसरं डांगरही माझ्या हातातून घेतलं. "धुळ्याचं झालं वाटतं," ती म्हणाली, आणि डांगर घागरीवर ठेवायला आत गेली.

जळगावच्या त्या पेढीसमोरून मी अजूनही जात नाही. ते वेगळं.